मेंदूला मार बसलेल्या खेळाडूने मैदानात कधी परतायचे, हे कोणी ठरवावे?

दूरदेशी:
२५ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकन फुटबॉलमधल्या मायामी डॉल्फिन्स संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) तुआ टागोव्हायलोआ बफेलोविरुद्ध खेळताना डोके आपटून पडला, उठला आणि दोन-चार पावले टाकताच लटपटला. तरीही दुखणे पाठीचे असल्याचे सांगून त्याला त्याच सामन्यात पुन्हा उतरवण्यात आले. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो असा आदळला की त्याची बोटे चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. असा तोल गेलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही, हा नियम एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगने, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केला.

माझ्या मते एवढ्याने भागणार नाही. एका हंगामात दुसऱ्यांदा कन्कशन (डोके आपटून मेंदूला होणारी इजा) झाले, तर उरलेला हंगाम सक्तीची विश्रांती हवी, मग खेळाडूची इच्छा काहीही असो. गुडघा दुखावला तर दुखणे कळते. मेंदूला मार बसतो तेव्हा तो किती बसला हे ज्याने ओळखायचे तोच दुखावलेला असतो. माझ्या मुलाला इथे शाळेच्या संघातून खेळताना असा मार बसला, तेव्हा घरी येताना गाडीत त्याने मला गुण किती झाले हे तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा "बाबा, मी ठीक आहे" असे ठासून सांगितले.

कृष्णाकाठ:
तुमची काळजी समजते, पण प्रस्ताव पटत नाही. दुसऱ्या कन्कशनला हंगाम गमवावा लागणार असेल, तर खेळाडू दुसरे कन्कशन लपवतील, कारण जागा एकदा गेली की ती परत मिळेलच असे नाही. शिवाय ही सज्ञान माणसे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलंड २०१५ मध्ये, एकच हंगाम खेळून, वयाच्या चोविसाव्या वर्षी याच भीतीने निवृत्त झाला. थांबण्याचा त्याचा निर्णय आपण मानतो, मग खेळत राहण्याचा दुसऱ्याचा निर्णयही मानला पाहिजे. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार बसणाऱ्या धडकांशी जोडला जाणारा मेंदूच्या ऱ्हासाचा आजार) आढळला, हा आकडा सतत पुढे केला जातो. परंतु ते मेंदू दान केलेले होते, आणि अनेक कुटुंबांनी लक्षणे पाहूनच दान केले होते, त्यामुळे सरसकट सगळ्या खेळाडूंना तो लावता येत नाही.

नीलमोहर:
आकड्याबद्दलचे म्हणणे रास्त आहे. संमतीबद्दलचे मात्र नाही, कारण संमतीला आधी माहिती लागते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा खेळाडू) माइक वेब्स्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला आणि डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीईची खूण असलेले टाउ प्रथिनाचे साठे सापडले. लीगने १९९४ मध्ये नेमलेल्या मेंदू-दुखापत समितीचे अध्यक्ष संधिवाततज्ज्ञ होते, आणि या खेळाचा सीटीईशी संबंध असल्याची कबुली लीगच्या अधिकाऱ्याने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे दिली ती थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात खेळलेल्यांनी कशाला संमती दिली होती?

दूरदेशी, तुमचा नियमही मला अपुरा वाटतो. सेंटर जवळजवळ प्रत्येक चालीत समोरच्याला धडकतो. त्यातल्या बहुतेक धडकांनी कन्कशन होत नाही, पण सीटीईचा संबंध अशा साचत जाणाऱ्या धडकांशीच अधिक दिसतो. शिवाय त्याचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. केवळ कन्कशन मोजून वेब्स्टरसारखा खेळाडू वाचणार नाही.

कृष्णाकाठ:
मग धडकाच कमी करू या. २०११ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने हंगामातले पूर्ण धडकांचे सराव चौदावर आणून ठेवले. खेळाडूंनी स्वतः वाटाघाटी करून मिळवलेले असे संरक्षण मला सक्तीपेक्षा टिकाऊ वाटते.

दूरदेशी:
सरावाचा मुद्दा मान्य आहे आणि नीलमोहर यांनी दाखवलेली उणीवही मान्य आहे. तरीही सक्तीच्या विश्रांतीचा आग्रह मी सोडत नाही, फक्त तीही संघटनेने करारातच घालून घ्यावी, म्हणजे "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या खेळाडूला थांबवणारा नियम त्याच्याच सहकाऱ्यांनी, डोके शांत असताना केलेला असेल. मुलाने पुढच्या हंगामाचा अर्ज आणला होता. तो सोळा वर्षांचा असल्यामुळे त्यावर माझी सही लागते, आणि मी ती केलेली नाही.