हँडलने फिरणाऱ्या लाकडी खेळण्यातला कॅम (फिरता फिरता दांडीला वर-खाली हलवणारी चकती) अडकतोय, मग मोटर लावू का?
मोटर नकाच लावू हो, अडकण्याचं कारण तिने जाणार नाही, उलट काहीतरी तुटेल. वर्णनावरून तुमच्या कॅमवरची उभी दांडी तिरकी होऊन भोकात रुतत असणार. फळीतलं नुसतं भोक पुरत नाही, गाईड (दांडीला सरळ धरणारी वाट) लांब हवा, म्हणजे वर-खाली दोन फळ्या लावा आणि दोन्हीत एका सरळ रेषेत भोकं पाडा, दांडीला मेणबत्ती घासा, तेल अजिबात नको, लाकूड ते शोषून घेतं. कॅम प्लायचाच कापा, साधं लाकूड पावसाळ्यात एकाच दिशेला जास्त फुगतं आणि गोल कॅम गोल राहत नाही.

अजून एक, गोगलगायीसारखा कॅम (हळू वर चढून धप्पकन पडणारा) उलटा फिरवला की दांडी कड्याला अडते, आणि लोक हँडल उलटं फिरवणारच! लहान मुलं तर आधी उलटंच. तिथे रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक) लावा, नाहीतर उतारही हळूच ठेवा.

आणि हाताने फिरवायची गंमतच वेगळी. टिपूचा लाकडी वाघ आठवा, हँडल फिरवलं की भाते चालतात, खालचा गोरा विव्हळतो, त्याचा हात हलतो, वाघ गुरगुरतो. लंडनला ईस्ट इंडिया हाऊसमधे, म्हणजे कंपनीच्या मुख्यालयातल्या वाचनालयात, लोक तो इतका फिरवायचे की तिथे वाचत बसलेले वैतागायचे, पुढे हँडलच गायब झालं :) आता तो वाघ लंडनच्याच व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममधे आहे.

जमलं तर दांडीचा साइडने फोटो टाका, समोरून काही कळत नाही.