‘सेल्फ-केअर’ला मराठीत काय म्हणावं?

चैत्रपालवी: अमेरिकेतल्या गोरेतर कार्यकर्त्यांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणतेय. कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्या वाक्यापाशी अडलेय. १९८८ साली, कर्करोगाशी झगडत असताना, त्यांनी लिहिलं की स्वतःची काळजी घेणं म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत, ते स्वतःला टिकवणं आहे आणि म्हणून राजकीय लढाच आहे. पण नुसतं ‘काळजी घेणं’ म्हटलं की ‘काळजी घे हं’ एवढंच ऐकू येतं. संपादक ‘स्वसंगोपन’ म्हणतात.

दगडफूल: संगोपन मुलाबाळांचं. ‘निगा’ घ्या.

आडवाट: निगा फारसी, ‘निगाह’वरून. काळजी मात्र थेट काळजातून आली असावी. तोच शब्द खरा.

दगडफूल: परका म्हणून टाकायचा तर हक्क, कायदा, जमीन, मजूर हेही टाकावे लागतील. चळवळ मग बोलणार कशात?

नदीकाठ: आपल्याकडे कार्यकर्त्याचं कौतुकच झिजण्याच्या शब्दांत होतं. वाहून घेतलं, झोकून दिलं, घरावर तुळशीपत्र ठेवलं. माझ्या आईनं कित्येक दुखणी अंगावर काढली, मोर्चा चुकवला नाही. तिच्याबरोबरच्या बाया निघताना म्हणायच्या, ‘जिवाला जप गं.’ माझ्या मते हाच शब्द.

आडवाट: ‘जिवाला जप’ म्हणजे धोक्यापासून लांब राहा. लॉर्ड तर लढ्यात राहण्यासाठी टिकायचं म्हणतात.

नदीकाठ: त्या बाया दुसऱ्या दिवशी पुन्हा मोर्चातच असायच्या. लांब कुणी राहिलं नाही.

सातपुडा: मुळात ‘स्व’च खटकतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षानं १९६९ पासून मुलांना मोफत न्याहारी दिली, दवाखाने काढले, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी केली. सरकारी यंत्रणेनं ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांनी एकमेकांना सांभाळलं. त्याच पक्षाच्या एरिका हगिन्स तुरुंगात ध्यान करायला लागल्या, तेही लढण्याचं बळ टिकावं म्हणून. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पक्षाचं नाव घेऊन. सिकलसेल तर नंदुरबार, गडचिरोलीतही घरोघरी माहीत आहे. ‘सांभाळ’ म्हणा, त्यात आपणही येतो आणि सोबतचेही.

दगडफूल: सांभाळ म्हाताऱ्या आईवडिलांचा करतात.

चैत्रपालवी: ‘सांभाळ’ आवडला. पण वाक्यात लॉर्ड स्वतःविषयीच बोलतायत, तो ‘स्व’ मला गाळता येणार नाही.

आडवाट: त्याआधी ‘गोरेतर’ काढा. माणसाची ओळख तो काय नाही यावरून का सांगायची? सरळ ‘कृष्णवर्णीय’ लिहा.

सातपुडा: मग लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी कार्यकर्ते कुठे जातील? पुस्तिका त्यांचीही आहे.

आडवाट: ‘वर्णीय’?

नदीकाठ: नको. ‘वर्ण’ म्हटलं की इथे चातुर्वर्ण्यच आठवतं.