मनातून न जाणाऱ्या ओळीला मराठीत काय म्हणायचे?

अनुवादिनी
गाण्यांच्या शब्दांवरचा एक लेख मराठीत करते आहे. त्यात 'इअरवर्म' अकरा वेळा येतो. पहिल्या खर्ड्यात 'कानकिडा' केले होते, ते संपादकांनी खोडले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोम उभी राहते म्हणाले. खरी अडचण पुढेच आहे. लेखक हा शब्द कधी डोक्यातून जाता जात नाही अशा नकोशा ओळीला लावतो, तर कधी वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या ओळीला. दोन्हीला पुरेल असे एक नाम आहे का?

टिपणकार
'कानकिडा' नकोच. मूळ जर्मन 'ओरवुर्म' हे खरोखरच एका किड्याचे नाव आहे, तिथे वापराने त्याला गाण्याचा अर्थ चिकटला. आपल्याकडे तो वापर नाही, म्हणून नुसता किडा उरतो.

नाम शोधण्यापेक्षा क्रियापदे घ्या, ती आपल्याकडे भरपूर आहेत आणि एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कानात घुमते ती चाल किंवा ठेका, शब्द आठवत नसले तरी. ओठांवर येते तेव्हा शब्द आणि चाल दोन्ही हवेत. मनात घोळतो तो अर्थ, म्हणून चाल नसलेली कवितेची ओळही घोळते. नकोशी ओळ पिच्छा सोडत नाही. जपलेली मनात घर करते. या सगळ्यांत कर्ता ओळ आहे, आपण नाही. 'मी ती ओळ लक्षात ठेवली' असे लिहिलेत की ते मुद्दाम केलेले पाठांतर होते. अकरा जागा अकरा वेळा सोडवा. शीर्षकापुरते नाम लागले तर 'रेंगाळणारी ओळ'.

मात्राबंध
'रेंगाळणारी' फार हलके आहे. जे रेंगाळते ते थोड्या वेळाने जाणारच असते. 'पालुपद' का नको? फिरून फिरून येणे हाच तर त्याचा अर्थ.

जुनीपोथी
पालुपदाला आज टोमण्याचा वास आहे. 'त्याचे तेच पालुपद चालू' हे कौतुकाने कोणी म्हणत नाही. शुद्ध आणि भारदस्त शब्द 'ध्रुवपद'. ध्रुव म्हणजे स्थिर. कडवी पुढे सरकतात, हे जागेवर राहते. फक्त 'धृपद' लिहू नका, ते अशुद्ध आहे. आणि 'ध्रुपद' लिहिलेत तर स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार भाग असलेला गायनप्रकार समजतील.

टाळचिपळी
'धृपद' अशुद्ध म्हणून बाजूला सारण्याआधी तुकोबांची गाथा उघडा: 'गाती पुढें त्याचें धरावें धृपद'. छापील गाथेत असेच आहे. यातले क्रियापदही बघा. धृपद 'धरायचे' असते. पुढचा गातो, मागचे ती ओळ धरून ठेवतात, म्हणजे त्याला पुढच्या चरणाआधी दम घेता येतो. 'रिपीट करणे' म्हणणाऱ्यांनी हे 'धरणे' परत वापरात आणावे असे फार वाटते.

जुनीपोथी
गाथेची छपाई हा शुद्धलेखनाचा आधार नव्हे. 'धृ' म्हणजे धारण करणे, 'ध्रुव' म्हणजे अढळ. दोन शब्द वेगळे आहेत.

टाळचिपळी
मग 'धरावें धृपद' मध्ये 'धृ' उलट जास्तच शोभतो! व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, पण लोकांच्या कानाने तो का स्वीकारला असेल ते यातून कळते.

मात्राबंध
त्या ओळीच्या अगोदरची ओळ या धाग्यासाठी जास्त महत्त्वाची आहे: 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां'. इथे 'उत्तरें' म्हणजे प्रश्नांची उत्तरे नव्हेत, बोल, वचने. हा अर्थ हरवला की ओळीचे भाषांतर हमखास चुकते.

आता अक्षरे मोजा. कां-हीं-पा-ठ-के-लीं सहा, सं-तां-चीं-उ-त्त-रें सहा, वि-श्वा-सें-आ-द-रें सहा आणि क-रो-नि-यां चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात यमक. तीनदा सहाची सवय झालेल्या कानाला चौथ्यांदा दोन अक्षरे कमी मिळतात आणि तिथे रिकामी जागा पडते. ओळ पाठ होते ती या जागेमुळे, असे माझे ठाम मत आहे. 'करोनियां'च्या जागी सहा अक्षरांचा शब्द घालून म्हणून बघा, ओळ लगेच सपाट होते. अनुवादात अर्थ पुरा उतरतो आणि ओळ मात्र कोणाच्या तोंडी बसत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. भाषांतरकार ही रिकामी जागा भरून टाकतो.

स्वरलिपी
भावगीतात आणि चित्रपटगीतात हे काम अंतऱ्याची, म्हणजे कडव्याची, शेवटची ओळ करते. तिला 'क्रॉस लाइन' म्हणतात. तिचे यमक मुखड्याशी, म्हणजे गाण्याच्या फिरून येणाऱ्या पहिल्या ओळीशी, जुळते आणि चालही मुखड्याच्या उंबरठ्यावर आणून सोडते. गाणे तिथे थांबवले तर ऐकणारा मुखडा मनातल्या मनात पुरा करतो. गीतकार अंतऱ्यात कितीही छान लिहो, ही ओळ ढिली पडली की परत यायची ओढच राहत नाही.

टिपणकार
'क्रॉस लाइन'ला मराठी शब्द?

जुनीपोथी
'परतओळ'.

स्वरलिपी
तालमीत कोणी म्हणणार नाही. 'क्रॉस' एवढेच म्हणतात, ते मराठीच झाले आहे.

टाळचिपळी
अर्थ कळल्यावरच ओळ टिकते असे गृहीत धरू नये. आरतीतले 'फणिवरबंधना' कित्येकांच्या तोंडी 'फळीवर वंदना' असते. मोठा नाग कमरेला बांधलेला, हा अर्थ गेला. अक्षरसंख्या, अनुस्वाराची जागा आणि शेवटचा 'ना' मात्र जागच्या जागी राहिले. कान आधी साचा धरतो, मग सापडेल तो शब्द त्यात बसवतो.

मात्राबंध
'पालुपद'कडे परत येतो. दक्षिणेकडच्या संगीतात 'पल्लवी' म्हणजे फिरून येणारी ओळ. 'पल्लव'चा मराठीत 'पालव' झालाच आहे. पालवपद, पालुपद असा प्रवास मला पटतो. मग तो टोमण्याचा शब्द न राहता पालवीचा होतो.

जुनीपोथी
ध्वनी जुळतात म्हणून नाते जुळत नाही. 'पालवपद' कुठल्या पोथीत दाखवा, मग बोलू.

अनुवादिनी
सहा जागा 'पिच्छा सोडत नाही'ने सुटल्या, चार 'मनात घर करते'ने. एक अडली आहे. तिथे लेखक म्हणतो की ओळीचा अर्थ त्याला कधीच कळला नाही, तरी तीच सर्वांत जवळची. 'घर करते' म्हटले की अर्थ पोचल्यासारखा वाटतो. 'त्या ओळीने मला धरले' असे चालेल का?

टाळचिपळी
'धरले' नको, पकडल्यासारखे होते. 'धरून ठेवले' बघा.

जुनीपोथी
धरणारा माणूस, धरले जाते ते ध्रुवपद. उलटे कसे चालेल?