फ्रिटाटाला पाणी का सुटलं?

मावशी: बाळा, तू सांगितलेला फ्रिटाटा, तो अंडी आणि भाजीचा इटालियन प्रकार, केला आज. यांना तेल कमी करायला सांगितलंय ना. चव छान आली, पण कापल्याबरोबर ताटलीत पाणी! काय चुकलं गं?

ताई: भाजी कुठली घातलीस? परतून की कच्ची?

मावशी: किसलेला दोडका आणि टोमॅटो. कच्चंच, तेल वाचावं म्हणून.

ताई: तिथेच झालं मग. इथे मिलानला झुकिनी घालतात, तिलाही असंच पाणी सुटतं. दोडक्याच्या किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेव आणि कोशिंबिरीच्या काकडीसारखा घट्ट पिळ. मग चमचाभर तेलात कोरडा होईस्तोवर परत. गार झाल्यावरच अंड्यात घाल, नाहीतर गुठळ्या होतात. टोमॅटोचा गर आणि बिया काढ.

दादा: म्हणजे भाज्यांचं ऑम्लेटच ना हे?

ताई: नाही रे दादा. ऑम्लेट मोठ्या आचेवर झटपट होतं, याला मंद आच हवी. अंडं जास्त शिजलं की आक्रसतं आणि पाणी सोडतं. मावशी, गॅस केवढा होता?

मावशी: मोठाच. छान फुगला म्हणून मी खूश होते.

ताई: अगदी बारीक ठेव. छोट्या नॉनस्टिक पॅनमध्ये चार अंडी, वाटीभर परतलेली भाजी, वर झाकण. आठ-दहा मिनिटांत कडा सुटतात. मधे थोडा ओलसर असतानाच ताटलीवर उलटायचा, परत पॅनमध्ये सरकवायचा, दोन मिनिटं. ओव्हन लागतच नाही.

वहिनी: आणि क्रीम? व्हिडिओत तर ओततात.

ताई: हलका हवा असेल तर अजिबात नको वहिनी. चार अंड्यांतून साधारण २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, तेवढ्यात दोघांची न्याहारी होते. चीज घातलंच तर चमचाभर, आणि मग मीठ कमी.

दादा: डब्यात नेला तर?

ताई: इथे गारही खातात, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सहलीला नेतात. पण आपल्या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नकोस.

मावशी: अर्धा दोडका उरलाय. उद्या सकाळी पिळून करते.

वहिनी: मावशी, शिरा टाकल्या नाहीत ना?

मावशी: छे गं! तीळ-खोबरं घालून चटणी केली. फ्रिटाटाबरोबर तीच वाढली यांना.