'ट्रेसल'ला मराठीत काय म्हणावं?

रोहिणी_ना
अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या बाजूला मिसिसिपीकाठी बॉनेट कॅरे सांडवा आहे. १९२७च्या महापुरानंतर बांधायला घेतला, १९३१मध्ये पुरा झाला. त्यावरून गेलेल्या रेल्वेच्या मैलाहून लांब ट्रेसलला, म्हणजे ओळीनं ठोकलेल्या ओंडक्यांवरच्या पुलाला, मी 'लाकडी पूल' लिहिलं. संपादकांनी त्याचं 'घोडीपूल' केलं. हा शब्द कुणी वापरतं का?

तुळई
घोडी बरोबर आहे. गवंडी फळ्यांखाली उभी करतात तशीच रचना. पाच-सहा ओंडके एका ओळीत गाळात ठोकायचे, माथ्यावर आडवी तुळई, बाजूंना तिरक्या फळ्यांची कैची. अशा ओळी साधारण बारा-पंधरा फुटांवर. त्यांवर लांब तुळया, मग स्लीपर आणि रूळ.

गाळपेर
घोडी उचलून हलवता येते. हे ओंडके चिखलाच्या पकडीवर भार पेलतात. 'खुंटपूल' म्हणा.

तुळई
नवा शब्द पाडण्यापेक्षा 'ट्रेसल' ठेवा. गर्डर, स्लीपर चालतातच ना?

गाळपेर
चालतात, कारण गँगमन ते बोलतात. ट्रेसल इथं कोण बोलतं? शब्दातून खुंट दिसायलाच हवा, पूल बिघडतो तो तिथंच. ओळी जवळजवळ असल्यानं पुरात वाहून आलेली झाडं अडकतात, पाणी बाजूनं जोरात वळतं आणि खुंटांभोवतीचा गाळ खरवडून नेतं. लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेलं क्रिओसोट तेल बाहेरच्या थरातच मुरतं. बोल्टच्या भोकातून ओल शिरली की गाभा कुजतो, वरून लाकूड धडधाकट दिसतं. म्हणून हातोडीनं ठोकायचं, पोकळ वाजलं की गिरमिटानं भोक पाडून बघायचं.

कृष्णाकाठ
मला 'सांडवा'च खटकतो. धरण कुठंय? काठातला बांध आणि पुढं पाँटचारट्रेन सरोवरापर्यंत सुमारे सहा मैल मोकळी वाट. 'पूरवाट' म्हणा.

रोहिणी_ना
जादा पाणी सांडतं तो सांडवा, त्याला धरणाची अट कशाला? अडीच लाख क्युसेकची क्षमता आहे.

तुळई
त्याला दारंही नाहीत. ३५० गाळे, प्रत्येकात २० लाकडं, एकूण ७०००. क्रेननं एकेक उपसतात. आपल्या बंधाऱ्यांत पाणी अडवायला घालतात ते बरगेच की!

कृष्णाकाठ
नाही हो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे आडवे, खाचेत एकावर एक, दोन ओळींत आणि मधे माती. ही लाकडं उभी, फटी उघड्या. नदी चढली की बंद सांडव्यातूनही पाणी पाझरतं.

तुळई
काम पाणी अडवायचं आणि वेळ आली की निघायचं. बरगेच.

कृष्णाकाठ
आपले बरगे पावसाळ्याआधी काढून ठेवतात, तिथली लाकडं पूर दाराशी आल्यावर उपसतात. फार तर 'उभे बरगे' लिहा. नुसतं 'बरगे' वाचून पाटबंधाऱ्यातला माणूस भलतंच चित्र काढेल.