‘ढकलपत्र’ म्हणावे की ‘घरपोच डाक’? पुश ईमेल आणि सिंक यांना मराठी शब्द हवे आहेत

पैनगंगाकाठ :

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिकांकासाठी मी हातात मावणाऱ्या जुन्या उपकरणांवर एक लेख लिहीत आहे. वाचक बहुतेक कास्तकार, शिक्षक आणि शाळा-कॉलेजातील मुले आहेत, त्यामुळे लेख त्यांना वाचता येईल अशा मराठीत व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. दोन शब्दांवर मी अडलो आहे.

पहिला शब्द पुश ईमेल. १९९९ साली कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन या कंपनीने ब्लॅकबेरी ८५० हे पेजरसारखे दिसणारे छोटे यंत्र बाजारात आणले. त्यावरून बोलता येत नसे, पण पत्र आले आहे का हे मालकाला सारखे तपासावे लागत नसे. पत्र आपणहून यंत्रात येऊन पडत असे. पुश म्हणजे ढकलणे, म्हणून मी लिहिले, ‘ढकलपत्राचे युग येथून सुरू झाले.’ अंकाचे काम पाहणाऱ्या बाईंनी हे वाक्य खोडले. इंटरनेटवरच्या मराठी मंडळींनी ‘ढकलपत्र’ हा शब्द फार पूर्वीच ‘एकाकडून आलेले पत्र जसेच्या तसे दहा जणांना पुढे पाठवणे’ या अर्थाने रूढ केला आहे, तो शब्द आता मोकळा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला नाकारता येत नाही.

दुसरा शब्द सिंक. १९९६ साली आलेल्या, पाम कंपनीच्या पायलट या हातात मावणाऱ्या यंत्रासोबत एक पाळणा मिळत असे. त्यात यंत्र ठेवून पाळण्यावरचे एक बटण दाबले की यंत्रातील आणि संगणकातील पत्ते, भेटीगाठी व टिपणे परस्परांशी जुळवून घेतली जात. मी ‘समक्रमण’ लिहिले. लेख आधी वाचायला दिलेल्या दोन शेजाऱ्यांनी ते ‘संक्रमण’ असे वाचले आणि यंत्रांना रोग कसला झाला, असे मला विचारले. कृपया मार्ग सुचवावा.

शब्दवेल्हाळ :

पैनगंगाकाठ, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला, कारण आपण असे शब्द घडवले नाहीत तर आपल्या मुलांना ते कधीच मिळणार नाहीत. ईमेलला ‘विरोप’ हा सुंदर मराठी शब्द उपलब्ध असताना ‘पत्र’ कशाला? पुश ईमेल म्हणजे ‘स्वयंप्रेषित विरोप’ आणि सिंक म्हणजे ‘तुल्यकालन’. हिंदी पारिभाषिक लिखाणात ‘तुल्यकालन’ रुळले आहे आणि तो शब्द शुद्ध संस्कृत असल्यामुळे मराठीलाही परका नाही. मूळ ग्रीक शब्दात ‘सह’ आणि ‘काल’ हे दोनच अर्थ आहेत, ते दोन्ही यात येतात.

कास्तकार, दारव्हा :

वेल्हाळ सरांचा मान राखून सांगतो की ‘तुल्यकालन’ हा शब्द आमच्या गावात एकाही माणसाच्या तोंडी बसणार नाही. माझा मुख्य आक्षेप मात्र ‘ढकल’ या धातूवर आहे आणि तो बाईंच्या आक्षेपाहून वेगळा आहे. मराठीत एखादी गोष्ट ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती लांबली. परीक्षा पुढे ढकलतात, लग्नाची तारीख पुढे ढकलतात, तुरीची खरेदी पुढे ढकलल्याचा फलक मी स्वतः बाजार समितीच्या आवारात उभा राहून वाचला आहे आणि भरलेली बंडी (बैलगाडी) परत घरी आणली आहे. कामात ‘चालढकल’ करणारा माणूस काम उद्यावर टाकतो. अभ्यासात कच्च्या मुलाला ‘वरच्या वर्गात ढकलला’ म्हणतात, म्हणजे त्याची पात्रता नसताना. या सगळ्या वापरांत उशीर आहे किंवा निष्काळजीपणा आहे. आणि ज्या सोयीचा सगळा मोठेपणा पत्र क्षणात पोचण्यात आहे, तिचे नाव आपण ‘ढकल’वर बेतणार आहोत काय? इंग्रजीत ढकलण्याला जोर आहे, मराठीत ढकलण्याला दिरंगाई आहे. ‘लोटणे’ही चालणार नाही, कारण आमच्याकडे ‘दार लोटून घे’ म्हणजे दार लावून घे.

माजी डाकपाल :

कास्तकार भाऊंनी नेमकी दुखरी जागा दाखवली आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका शाखा डाकघरात अनेक वर्षे काम केले, म्हणून या प्रश्नाकडे माझ्या जागेवरून पाहतो. डाकेची थैली एसटीने येत असे. ती फोडून पत्रे वेगळी केली की दोन प्रकारांनी ती माणसांपर्यंत जात. मुख्य गावात डाकिया घरोघर जाई. पण नाल्यापलीकडच्या दोन पोडांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, पावसाळ्यात जाता येत नसे, तेथील माणसे बाजाराच्या दिवशी येऊन खिडकीशी विचारत, ‘आमची काही डाक हाये का जी?’ बहुतेक वेळा उत्तर नकाराचे असे आणि ती माणसे तेवढेच अंतर चालून परत जात. मुलाची मनीऑर्डर येईल म्हणून सलग पाच आठवडे बाजारी चौकशी करणारी एक म्हातारी मला आजही आठवते. सहाव्या आठवड्यात पैसे आले तेव्हा नाल्याला पूर होता आणि ती आली नाही.

जुन्या पद्धतीचे ईमेल म्हणजे ही खिडकीवरची चौकशी, आणि ब्लॅकबेरीने केले ते घरपोच वाटप. मराठीत ‘घरपोच’ हा शब्द तयार आहे, लहान मुलालाही कळतो. ‘घरपोच डाक’ म्हणा. यात ढकलणारा कोण याला महत्त्व नाही. ज्याला पत्र मिळायचे त्याचे पाय वाचले, हे महत्त्वाचे आहे.

शब्दवेल्हाळ :

‘घरपोच’ मला मान्य आहे, परंतु ‘डाक’ कशासाठी? मराठीचा शब्द ‘टपाल’ आहे. ‘डाक’ हा हिंदीतून आलेला शब्द आहे आणि ‘डाकिया’ तर उघड हिंदी आहे. मराठी शब्द घडवण्याच्या चर्चेत आपणच असे लिहिले तर कसे व्हायचे?

माजी डाकपाल :

हे वाचून वाईट वाटले. आमचा प्रदेश १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेश या राज्यांत होता, नागपूर तेथील राजधानी होती. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘डाक’ होती, आईच्या तोंडी होती, आणि त्या दोघांनाही मराठीखेरीज दुसरी भाषा नीट बोलता येत नव्हती. तीन पिढ्या ज्या मराठी घरात एक शब्द बोलला गेला तो शब्द मराठी नाही, हे कोणत्या मापाने ठरवायचे? ‘टपाल’ म्हणाल तर कन्नड, तमिळ आणि मल्याळम या भाषांतही तोच शब्द थोड्या फरकाने चालतो, म्हणून तो काही एकट्या मराठीचा ठरत नाही. माझी स्वतःची समजूत अशी आहे की हरकारे टप्प्याटप्प्याने थैली नेत, त्या ‘टप्प्या’वरून ‘टपाल’ झाले असावे.

जिनिंगचा हिशेबनीस :

डाकपाल काकांची म्हातारीची गोष्ट मनाला लागली. तरी ‘घरपोच’ हा शब्द सरसकट वापरू नये असे मला वाटते, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. हिंगणघाटजवळ कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये मी काम करत होतो, तेथील मालकांकडे २००८ च्या सुमारास ब्लॅकबेरी होता आणि रुईच्या भावाची पत्रे त्यावर येत. रेंज फक्त गच्चीवर मिळे. खाली कार्यालयात बसले असता काहीच येत नसे. ते जिना चढून वर गेले की अडकलेली सगळी पत्रे एकामागून एक येऊन पडत आणि तांबडा दिवा लुकलुकू लागे. त्यांनी काही विचारले नव्हते, काही दाबले नव्हते. पत्रे वाटेत कोठेतरी त्यांची वाट पाहत थांबलेली असत. कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे पत्रे साठवणाऱ्या संगणकावरून, पत्र ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या मध्यवर्ती केंद्राकडे जाई आणि तेथून मोबाइल सेवेमार्फत यंत्राकडे रवाना होई. लांब पत्राचा सुरुवातीचा भाग आधी येई, उरलेला मागितल्यावर मिळे. हे खरे घरपोच.

परंतु इतर ठिकाणी पुश या एकाच नावाखाली वेगळी गोष्ट चालत असे. १९९७ मध्ये सर्व्हरवरची पत्रे वाचण्याच्या आयमॅप या पद्धतीला ‘आयडल’ नावाची एक जोड मिळाली. तीत सर्व्हर पत्र पाठवत नाही. ‘तुझे काहीतरी आले आहे’ एवढेच कळवतो, मग यंत्र स्वतः जाऊन ते आणते. हे काम डाकियाचे नाही, हे गावच्या कोतवालाचे आहे, जो दारात येऊन ‘चावडीवर तुमचा कागद आला आहे’ अशी वर्दी देऊन जातो. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये आणलेला डायरेक्ट पुश तर आणखी वेगळा. त्यात फोनच सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर लगेच नाही न म्हणता प्रश्न हातात धरून ठेवतो. पत्र आले की उत्तर देतो; ठरलेली मुदत संपेपर्यंत काही आले नाही तर रिकाम्या हाताने परत पाठवतो, आणि फोन पुन्हा तोच प्रश्न विचारतो. म्हणजे माणूस डाकघराच्या ओट्यावर थैली येईपर्यंत बसून राहिला. घरी बसल्यासारखे त्याला वाटते, पण बसला आहे तो ओट्यावरच. तेव्हा तीन व्यवहारांना तीन शब्द हवेत असे माझे मत आहे.

कास्तकार, दारव्हा :

हिशेबनीस दादा, तुमचे विवेचन फार उपयोगी आहे, पण वाचकाला तीन शब्द दिले तर त्याच्या लक्षात एकही राहणार नाही. पाणी विहिरीचे असो की नळाचे, तहानलेला माणूस पाणीच म्हणतो.

निवृत्त तलाठी :

सिंकचा प्रश्न बाजूला पडला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. आमच्या कामात दोन कागद समोरासमोर ठेवून एकेक नोंद मिळवून पाहण्याला ‘रुजवात घेणे’ म्हणत. जुन्या कारकुनांच्या तोंडी हा शब्द रोजचा होता. आताच्या मुलांना तो ऐकूनही माहीत नसतो याची खंत वाटते. शिवाय गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद झाली आणि ती प्रमाणित झाली की तिचा सातबाऱ्यावर ‘अंमल’ द्यावा लागतो. अंमल राहून गेला तर एका वहीत एक मालक आणि दुसऱ्या वहीत दुसरा मालक, अशी स्थिती होते आणि भावाभावांचे तंटे उभे राहतात. पाळण्यातील यंत्राचे आणि संगणकाचे तेच आहे. ‘समक्रमण’ आणि ‘तुल्यकालन’ या दोन्ही शब्दांत काळावर भर आहे, पण येथे काळाचा संबंध किती? दोन वह्या एकसारख्या झाल्या पाहिजेत, एवढीच गोष्ट आहे. म्हणून ‘रुजवात’.

पैनगंगाकाठ :

गुरुजी, ‘रुजवात’ या शब्दाने मला दोन रात्री विचार करायला लावला. तो मला फार आवडला आहे, तरीही एक शंका राहते. रुजवातीत आपण फरक शोधतो; फरक दुरुस्त करणे ही त्यापुढची पायरी आहे. अंमलात दुरुस्ती होते, पण ती एका वहीकडून दुसऱ्या वहीकडे, एकाच दिशेने. पामच्या हॉटसिंकमध्ये, म्हणजे पाळण्यावरच्या त्या बटणाने होणाऱ्या जुळवणीत, दोन्ही बाजू दोन्हीकडे लिहीत. यंत्रात बदललेल्या नोंदीवर खूण राहत असे आणि संगणक मागच्या वेळचाच असेल तर फक्त खुणेच्या नोंदी पाहिल्या जात, त्यामुळे काम झटपट होई. आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली आढळली, तर यंत्र कोणाची बाजू घेत नसे. दोन्ही नोंदी जपून ठेवी आणि निवाडा माणसावर सोपवी. हवे असल्यास ‘संगणकाचेच खरे माना’ किंवा ‘यंत्राचेच खरे माना’ असेही सांगता येत असे. रुजवात आणि दुहेरी अंमल, असे दोन्ही ज्यात येईल तो एकच शब्द कोणता?

निवृत्त तलाठी :

निवाडा माणसावर सोडणे हाच तर योग्य मार्ग आहे. तलाठ्याने तक्रारी नोंदीचा निर्णय स्वतः करायचा नसतो, ती वर पाठवायची असते. यंत्र बनवणाऱ्यांनी हे जाणले होते, हे वाचून समाधान वाटले. एक शब्द मला सुचत नाही. ‘ताळमेळ’ म्हणून पाहावे.

तुरीचं शेत :

मी या सगळ्यांत वयाने लहान आहे, म्हणून संकोचाने लिहिते. मागच्या हंगामात बाबांच्या मोबाइलवर मीच वावरात उभी राहून पीक पाहणी नोंदवली. तेथे नेटवर्क नव्हते, नोंद फोनमध्येच राहिली आणि गावात आल्यावर वर गेली. बाबा दारातूनच म्हणाले, ‘सिंक झालं का व?’ त्यांना हा शब्द कोणी शिकवला नाही, समजावून सांगितला नाही, आणि त्यांनी तो अगदी बरोबर जागी वापरला. ताळमेळ, रुजवात हे शब्द मला मनापासून आवडले, पण ते आज बाबांना सांगितले तर त्यांना ‘सिंक म्हणजे’ असेच सांगून समजवावे लागेल.

शब्दवेल्हाळ :

ताई, तुमच्या बाबांनी शब्द बरोबर वापरला यात शंका नाही. परंतु ‘सिंक’ म्हणजे भांडी घासण्याचे कुंडेही होते, आणि लिहिताना दोन्हींत काही फरक राहत नाही. बोलण्यात चालते ते छापील मजकुरात चालेलच असे नाही. डाकपाल काकांना मी दुखावले असेन तर क्षमा मागतो, ‘टपाल’विषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. ‘टप्पा’वरून ‘टपाल’ ही व्युत्पत्ती मला पटत नाही, कारण ‘आल’ हा शेवट तेथे कोठून आला हे सांगता येत नाही.

माजी डाकपाल :

‘टप्पा’चे ‘टपाल’ का होऊ नये? क्षमेची गरज नाही, वेल्हाळ सर. पण माझ्या डाकघराच्या पाटीवर ‘डाकघर’ असेच लिहिलेले होते, आणि ती पाटी मराठी वाचणाऱ्यांसाठीच लावलेली होती.

पैनगंगाकाठ :

अंक परवा छापखान्यात जाणार आहे. तूर्त ‘घरपोच डाक’ लिहिले आहे आणि त्याखाली ओट्यावर बसलेल्या माणसाचे उदाहरण हिशेबनीस दादांच्या शब्दांत घेतले आहे. सिंकच्या जागी एका परिच्छेदात ‘रुजवात’ आणि दुसऱ्यात ‘ताळमेळ’ राहिले आहे, आणि बाईंना ते पसंत नाही. त्यांनी आज आणखी एक शब्द खोडला, तो म्हणजे ‘पाळणा’. यंत्र पाळण्यात ठेवले असे वाचून लोकांना बारसे आठवेल, असे त्या म्हणतात. त्याच्या जागी दुसरा शब्द हवा आहे, म्हणून कंदील ठेवायच्या लाकडी बैठकीला आपल्या भागात कोणी वेगळे नाव वापरत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे.

कास्तकार, दारव्हा :

आमच्या घरी त्याला ‘ठाणवई’ म्हणत, पण आजी तो शब्द समईसारख्या उभ्या दिव्याच्या बैठकीसाठीच वापरत असे. कंदिलासाठी तो चालतो का, हे मोठ्या काकूंना विचारून सकाळी लिहितो.