बेलापूर: तळमजल्यात पाणी शिरण्याआधी आणि ओसरल्यावर सोसायटीने काय करावे?

तळमजल्याचा सचिव

नमस्कार. बेलापूरमधील आमच्या सखल सेक्टरातल्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात पहाटेच्या वेळी दोन फूट पाणी शिरले. मीटर रूम आणि पाण्याची जमिनीखालची टाकी अशा दोन्ही गोष्टी पाण्यात गेल्या. त्याच रात्री ग्रुपवर ‘मोरबे धरणाचे दरवाजे उघडले आहेत, तासाभरात पाणी येणार’ असा संदेश फिरला आणि पहिल्या मजल्यावरची दोन कुटुंबे लहान मुलांना घेऊन अंधारात बाहेर पडली. वास्तविक रस्त्यावरचे पाणी आवारातल्या पाण्यापेक्षा खोल होते. यंदा अशा वेळी माहिती कोठून घ्यावी आणि पाणी ओसरल्यावर आधी कशाकडे पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठचा

सचिवसाहेब, त्या संदेशातला फोलपणा नकाशा उघडला असता तरी कळला असता. मोरबे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. तिथून सोडलेले पाणी आपल्या नाल्यांत येत नाही. बेलापूरला भीती धरणाची नाही, भरतीची आहे. नवी मुंबईतील अनेक सेक्टर भराव घालून उभे राहिलेले असून भरतीच्या पातळीच्या मानाने सखल आहेत, म्हणूनच येथे धारण तलाव बांधले गेले: भरती असताना झडपा बंद राहतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागल्यावर ते खाडीत सोडले जाते. तलावात गाळ साचून खारफुटी वाढली की ही साठवण कमी होते, आणि मग तेवढाच पाऊस आपल्या आवारात दिसू लागतो.

त्यामुळे नुसता पावसाचा अंदाज पाहून उपयोग नाही. शेजारी भरतीचे वेळापत्रक ठेवावे. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि तिची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी असतील, तर त्याआधीच्या ओहोटीतच गाड्या हलवाव्यात व वृद्धांना वरच्या मजल्यावर न्यावे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीही भरतीने पाण्याची वाट अडवली होती. हवामान खात्याचे रंगीत इशारे जिल्ह्यासाठी असतात, हेही ध्यानात असू द्या. ठाणे जिल्ह्याचा ऑरेंज अलर्ट मुरबाडलाही लागू असतो आणि बेलापूरलाही, तर खारघर-पनवेलकरांनी रायगडचा इशारा पाहायचा असतो. ऐन वेळी हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा इशारा अधिक कामाचा. ग्रुपवर काही आले तर जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर विचारल्याखेरीज पुढे पाठवू नये, असा नियमच करून टाका. आमच्याकडे हे काम एकाच निवृत्त काकांकडे दिले आहे आणि त्यांच्या शिस्तीचा थोडा जाच होतो, पण अफवा थांबल्या.

नौपाडा वहिनी

मी ठाण्यात वंदना सिनेमाच्या परिसरात राहते, त्यामुळे गुडघाभर पाण्याची सवय आहे. माझा अनुभव टाकीबद्दल आहे. पाणी आवारात येत असल्याचे दिसताच आधी टाकीचा पंप बंद करून ठेवावा, नाहीतर तो आपोआप सुरू होऊन मैला मिसळलेले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि मग एकाऐवजी दोन टाक्या बिघडतात. आमच्याकडे नेमके हेच झाले आणि आठवडाभर टँकरवर राहावे लागले. ओसरल्यावर टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी आणि तोपर्यंत पिण्याचे पाणी चांगली उकळी येईपर्यंत उकळावे. दुसरे म्हणजे लेप्टो, अर्थात लेप्टोस्पायरोसिस हा पुराच्या पाण्यातून होणारा आजार. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चाललेल्या व्यक्तीला पायावर जखम असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. प्रतिबंधक गोळी लागेल की नाही हे तेच ठरवतील. नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाल्यास ‘पावसाळी ताप’ म्हणून अंगावर काढू नये.

मीटर रूम

मेन स्विच पाणी मीटरपर्यंत पोहोचण्याआधी आणि कोरड्या जागी उभे राहूनच बंद करावा. पाण्यात उभे राहावे लागत असेल तर हात लावू नये, महावितरणला 1912 वर कळवावे. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. पाण्यात गेलेली गाडी सुरू करून पाहू नये, इंजिनात पाणी असल्यास इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. स्वच्छतेला हात घालण्यापूर्वी पाण्याच्या खुणांसह फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात.

तळमजल्याचा सचिव

आपणा सर्वांचे आभार. पंपाचे आमच्या लक्षातच आले नव्हते; तो आमच्याकडेही आपोआप सुरू होणारा आहे. येत्या रविवारच्या सभेत भरतीचे वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावण्याचा आणि पंपाचा स्विच पहिल्या मजल्यावर नेण्याचा ठराव मांडतो. वहिनी, टाकी धुतल्यावर पाण्याची तपासणी आपण कोठे करून घेतलीत?

नौपाडा वहिनी

महापालिकेच्या प्रयोगशाळेत. मात्र नमुना निर्जंतुक बाटलीतच द्यावा लागतो, घरची बाटली चालत नाही.